टाचणीएवढं भोक

१२ फेब्रुवारी १९६१

जयपूरच्या राजा पार्कात दवाखाना उघडून आज महिना झाला. साताऱ्याहून इतक्या लांब का गेलास, असं थोरले बंधू प्रत्येक पत्रात विचारतात. कारण एकच, वसंतराव. ते इथल्या मोठ्या इस्पितळात सर्जन आहेत, वडिलांचे जुने स्नेही. या वस्तीत फाळणीनंतर आलेली शेकडो कुटुंबं आहेत, डॉक्टर मात्र धड एकही नाही. वर्षभर नाव कमाव, मग तुला इस्पितळात मानद जागा मिळवून देतो, असं त्यांनी कबूल केलंय. वर्षभर कशाला, मी सहा महिन्यांत करून दाखवीन.

मोटारसायकलचं मागचं चाक आठवडाभर किंचाळत होतं. दुर्गापुऱ्याच्या अलीकडे टोंक रोडवर एक मोटार गॅरेज आहे, तिथे नेली. नंदकिशोर नावाचा मिस्त्री आहे. जवळच्या चाकसू गावचा माणूस, तिशीचा, बोलणं हळू. त्याने चाक हाताने फिरवलं आणि मी छातीला कान लावतो तसा आसाला कान लावला.

"सूखी है, डॉक्टर साब. लोहा लोहे को खा रहा है."

आतलं ग्रीस वाळून त्यात वाळू मिसळली होती. इथे वाळू सगळीकडे शिरते. नुसतं तेल का नाही घालत, असं मी विचारलं. तो म्हणाला, तेल पातळ, चाक फिरलं की उडून जातं. ग्रीस म्हणजे साबणाने धरून ठेवलेलं तेल. ते जागचं हलत नाही. चाक तापलं की लागेल तेवढंच तेल सोडतं आणि बाहेरची धूळ अडवून धरतं. अडाणी माणूस, पण समजावणं उत्तम. आमच्या कॉलेजातल्या काही प्राध्यापकांना याच्याकडे पाठवायला हवं.

१९ फेब्रुवारी

नंदकिशोर गाडी घरी पोचवायला आला तेव्हा विनया शिवणयंत्रापुढे बसून रडायच्या बेताला आली होती. चाक हलत नव्हतं. तिने त्यात साताऱ्याहून आणलेलं खोबरेल घातलं होतं. इथल्या थंडीत ते मेणासारखं थिजलं, आणि आधीचं जुनं तेल डिंकासारखं चिकटलं होतं.

"बहनजी, खाने का तेल मशीन को नहीं पचता," तो म्हणाला. रॉकेलने सगळं धुतलं, पुसलं, एकेका भोकात पातळ तेलाचा एकेक थेंब सोडला. जास्त का नाही, असं विनयाने विचारलं. दोन लोखंडांच्या मध्ये केसाएवढा पडदा बसला की पुरे, ती एकमेकांना शिवली नाहीत म्हणजे झालं; बाकीचं तेल वाहून कापड खराब करतं आणि धूळ ओढून घेतं.

विनयाने त्याला चहा दिला. दवाखान्याचं नोंदबुक तीच लिहिते. मला म्हणाली, "अहो, हा माणूस ऐकून घेतो. यंत्राचंसुद्धा." मी हसलो.

७ मार्च

फार महत्त्वाचा दिवस. वसंतराव संध्याकाळी दवाखाना बघायला आले. कपाटं, उपकरणं, नोंदबुक, सगळं पाहिलं. म्हणाले, "मुकुंद, पुढच्या महिन्यात तुझं नाव पाठवतो."

ते यायच्या अर्धा तास आधी नंदकिशोर आला. चाकसूला शीतलामातेची जत्रा आहे, यात्रेकरूंचे ट्रक सारखे गॅरेजात. हवेच्या दाबावर चालणारी ग्रीसची बंदूक आहे त्यांच्याकडे. नळीचं तोंड तुंबलं म्हणून त्याने डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने चाचपलं आणि तेवढ्यात ती सुटली. बोटाच्या पेरावर टाचणीएवढं भोक. रक्ताचा थेंबही नाही.

"डॉक्टर साब, ग्रीस अंदर गया है."

मी भोक दाबून पाहिलं, काही आलं नाही. टिंक्चर लावलं, पट्टी केली. एवढ्याशा भोकातून किती जाणार? तो जाईना. तेच तेच म्हणत राहिला, अंदर गया है, बोट सुन्न आहे. मी म्हणालो, तू गाड्यांचा डॉक्टर, माणसांचा मी. मागून विनया म्हणाली, "अहो, बोट पांढरं पडलंय." तिच्यावर जरा आवाज चढला माझा. वसंतराव कुठल्याही क्षणी येणार होते आणि बाकावर काळ्या हातांचा माणूस बसलेला.

८ मार्च

नंदकिशोर सकाळीच हजर. रात्रभर ठणकलं म्हणे. बोट सुजलंय. पेनिसिलिन टोचलं, गरम पाण्याचा शेक द्यायला सांगितलं. भाऊ आणि आई चाकसूला वाट बघतायत, जत्रेला जाऊ का, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, खुशाल जा.

१० मार्च

दुपारी त्याला बैलगाडीतून आणि मग ट्रकमधून आणलं. बरोबर धाकटा भाऊ, भंवरलाल, धिप्पाड. बोट काळं. हात कोपरापर्यंत फुगलेला, कातडी ताणून चकाकत होती. ताप एकशे चार. वास.

मी लगेच इस्पितळात धाडलं. वसंतरावांच्या नावे चिठ्ठी दिली. चिठ्ठीत लिहिलं: रुग्ण दुखापतीनंतर तिसऱ्या दिवशी प्रथमच माझ्याकडे आला.

हे लिहिताना हात थांबला नाही, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. जत्रेला तो गेलाच होता. उशीर झालाच होता. नोंदबुकातलं सात आणि आठ तारखेचं पान काढून टाकलं. विनया समोर भाजी निवडत होती.

११ मार्च

वसंतरावांनी मला शस्त्रक्रियेला उभं राहू दिलं. पाहिलं ते लिहून ठेवतो, नाहीतर डोळ्यांपुढून जाणार नाही.

बोट उभं चिरलं. पू आला, आणि त्याच्या मागून ग्रीस. पिवळसर तपकिरी, बंदुकीतून येतं तसं, सावकाश, वेटोळं करत. बोट वाकवणारी दोरी एका नळीतून सरकते. त्या नळीत निसर्गाने आपलं वंगण भरलेलं असतं, थेंबभर, इतकं पातळ की जन्मभर आपल्याला पत्ता लागत नाही. त्या नळीतून दाबाने ग्रीस तळहातात घुसलं होतं, तिथून मनगटाकडे. वसंतराव चिरत गेले आणि जिथे चिरतील तिथे ते होतंच. आतलं मांस उकडल्यासारखं. मी चिमट्याने ओढून काढत होतो. जे लोखंडाला वाचवतं त्याने माणसाचा हात आतून कुजवला होता.

बोट काढलं. बादलीत पडल्याचा आवाज झाला.

वसंतराव हात धुताना म्हणाले, "पहिल्याच दिवशी कोणी असं उघडलं असतं तर हात राहिला असता. तीन दिवस काय करत होता हा गाढव?"

मी म्हणालो, "जत्रेत होता."

१४ मार्च

काल रात्री विष पसरलं. आज सकाळी त्याचा हात मनगटाच्या वर कापला. मी गेलो नाही. दवाखान्यात गर्दी होती.

विनया हल्ली बोलत नाही. जयपूरची हवा तिला मानवत नसावी.

२२ मार्च

डाव्या गळपट्टीचं हाड मोडलंय, दोन बरगड्या तडकल्यात, एका कानाने नीट ऐकू येत नाही. उजवा हात शाबूत आहे म्हणून लिहू शकतो.

सतरा तारखेला सकाळी अकराला भंवरलाल आला. हातात टायर काढायची लोखंडी पहार. बाकावर पाच-सहा बायका होत्या. त्याने पहिल्यांदा औषधांचं कपाट फोडलं. काच माझ्या चेहऱ्यावर उडाली. मग माझी कॉलर धरली.

"हम तीसरे दिन आए थे?"

इस्पितळात त्याला सगळे विचारत होते, तीन दिवस काय करत होतात. भावाने शुद्धीवर आल्यावर सांगितलं असणार.

"बोल! तीसरे दिन आए थे?"

मी म्हणालो, हो. का म्हणालो कोण जाणे. तोंडातून तेच बाहेर पडलं. त्याने पहार खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आतून ऐकू येतो, बाहेरून नाही. मी पडलो तशा लाथा बसल्या, छातीवर, कानावर. मग त्याने माझा डावा हात टेबलावर ओढला, पंजा पसरवला आणि पहार उचलली. विनया मध्ये आली. तिने काही केलं नाही, नुसता स्वतःचा हात माझ्या हातावर ठेवला. तो थांबला. तो थांबला हे इथे लिहिणं भाग आहे.

तेवढ्यात वस्तीतले लोक आत घुसले. त्यांनी त्याला बाहेर रस्त्यावर ओढलं. विटा, खुर्चीचे पाय, हाताला येईल ते. त्याचं डोकं फुटून डोळे रक्ताने भरले तरी ते मारत होते. मी दारात भिंतीला टेकून पाहत होतो, आणि मला बरं वाटत होतं. इतकं बरं मला या शहरात आल्यापासून वाटलं नव्हतं.

२६ मार्च

फिर्यादीवर सही करायला चौकीत गेलो. भंवरलालला कोपऱ्यात उघडा बसवला होता. तळपाय सुजून काळेनिळे झालेले, एक डोळा बंद. हवालदार हसून म्हणाला, "डॉक्टर साहब, दो हाथ आप भी लगा लीजिए."

मी लगावले. दोन नाही, तीन. उजव्या हाताने, तोंडावर. त्याने मान वळवली नाही. तिसऱ्या वेळी त्याचा दात माझ्या बोटाला लागला.

घरी येऊन हात धुतला, टिंक्चर लावलं. विनयाने विचारलं, हे काय झालं. मी म्हणालो, काचेने कापलं. तिने ते बोट हातात घेऊन बराच वेळ उजेडात धरलं. "टिंक्चर पुरेल ना?" म्हणाली.

२ एप्रिल

नंदकिशोर आला होता. चालतच. सदऱ्याची डावी बाही खाली लोंबत होती. बसा म्हटलं तर बसला नाही.

"भाई को छुड़वा दीजिए, डॉक्टर साब. माँ खाना नहीं खाती."

त्याने स्वतःच्या हाताबद्दल एक अवाक्षर काढलं नाही. बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

शेजारचे वकील म्हणाले, फिर्याद मागे घ्या हवी तर, पण त्याच्याकडून लिहून घ्या, नाहीतर उद्या तुमच्यावरच उलटेल. वसंतरावांनी माझं नाव पाठवलंय, या वेळी भानगड नको. कागद तयार झाला: मी तिसऱ्या दिवशी प्रथम डॉक्टरांकडे आलो, माझी कोणतीही तक्रार नाही. नंदकिशोरला वाचता येत नाही. वकिलांनी वाचून दाखवलं. ऐकताना तो माझ्याकडे बघत होता. "ठीक है," म्हणाला.

वकिलांनी शाईची गादी उघडली आणि सवयीने म्हणाले, "बायाँ अंगूठा." पुरुषाचा डावाच घेतात. नंदकिशोरचा डावा खांदा पुढे झाला. बाही गादीवर टेकली.

मग वकील खाकरले. "दाहिना लगवा लेते हैं. नीचे लिख देता हूँ, बायाँ हाथ नहीं है."

त्याने उजवा अंगठा उठवला. कागद माझ्या खणात आहे. मी फिर्याद मागे घेतली. शब्दाला जागलो.

विनयाने तिचं शिवणयंत्र गॅरेजच्या मागे नंदकिशोरच्या बायकोकडे पाठवून दिलं. मला विचारलं नाही.

९ जून

उकाडा. इस्पितळातली जागा पुढच्या महिन्यापासून मिळणार. गॅरेजवाल्याने नंदकिशोरला काढलं नाही, आता तो बसून कामगारांना सांगतो. त्याच्या जागी काम भंवरलाल करतो. डोळा वाचला त्याचा. मोटारसायकलच्या चाकाचा पुन्हा आवाज येतो, पण त्या रस्त्याने मी जात नाही.

गेले दोन महिने इस्पितळाच्या ग्रंथालयात या दुखापतीबद्दल शोधतोय. दोन परदेशी नियतकालिकांत सापडलं. दोघांनी हेच लिहिलंय: भोक लहान, वेदना थोडी, म्हणून डॉक्टर फसतो. ताबडतोब उघडा. मी दोन्ही लेख उतरून काढले. कशासाठी, माहीत नाही.

१८ ऑगस्ट

आजचं आजच लिहून ठेवतो.

दुपारी तीनला दाराबाहेर आरडाओरडा. नंदकिशोर भंवरलालची मानगूट एका हाताने धरून त्याला पायऱ्यांवरून वर ढकलत होता. भंवरलाल शिव्या देत होता, मला नाही, भावाला. गॅरेजवाल्याने बंदुकीची ती नळी अजून बदलली नव्हती. ट्रकच्या स्प्रिंगच्या कमानीला ग्रीस भरताना ती मध्येच फाटली आणि धार डाव्या मधल्या बोटात घुसली. टाचणीएवढं भोक. अर्धा तास झाला होता.

"काटो, डॉक्टर साब," नंदकिशोर म्हणाला. "इस बार काटो."

"इसके हाथ से नहीं कटवाऊँगा! मर जाऊँगा!" भंवरलाल ओरडला.

वसंतरावांकडे माणूस पिटाळला. ते परीक्षा घ्यायला दिल्लीला गेलेले, इस्पितळात दुसरा सर्जन मिळेपर्यंत संध्याकाळ झाली असती. मी बोट दाबून पाहिलं. पांढरं, थंड, टणक. तळहाताच्या मध्यावर दाबलं तर तो विव्हळला. तिथवर पोचलं होतं.

मी त्याला म्हणालो, दरवाजा उघडा आहे. जा. उद्या सुजेल, तीन दिवसांत काळं पडेल, आठवड्यात हात जाईल. तू पाहिलंयस.

त्याने उजव्या मुठीने माझ्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला. मी खाली पडलो नाही. नंदकिशोरने त्याला मागून खेचलं, टेबलावर आडवा पाडला, आणि स्वतः त्याच्या छातीवर बसला. उजव्या हाताने भावाचा खांदा दाबला आणि डाव्या हाताचं उरलेलं थोटूक त्याच्या गळ्यावर आडवं टाकलं. विनया उपकरणं उकळून घेऊन आली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पट्ट्याने तिने त्याचं मनगट टेबलाला बांधलं.

मनगटाशी सुन्न करायचं औषध टोचलं, पण त्या ओढाताणीत ते नीट लागलं नाही. थांबलो असतो तर वेळ गेला असता. मी चिरलं. पेरापासून तळहाताच्या घडीपर्यंत. तो असा ओरडला की रस्त्यावर माणसं जमली. मला वाटलं, आता पुन्हा विटा. चिरलं तसं ग्रीस आलं, ताजं, स्वच्छ, डब्यातून काढल्यासारखं. अजून त्याने काही जाळलं नव्हतं. दोरी पांढरी होती, चमकत होती. मी खरवडलं, मिठाच्या पाण्याने धुतलं, परत खरवडलं. ओठातलं माझं रक्त त्याच्या मनगटावर गळत होतं, विनया पुसत होती. प्रत्येक वेळी तो उसळला की नंदकिशोर त्याच्या कानाशी काहीतरी बोलायचा, त्यांच्या बोलीत, हळू. मला कळलं नाही.

पाऊण तास. शेवटी दाबलं तेव्हा फक्त रक्त आलं. लाल.

जखम उघडीच ठेवून पट्टी बांधली. भंवरलाल शुद्ध हरपून पडला होता. नंदकिशोर खाली उतरला आणि भिंतीशी जाऊन ओकला. मग तोंड पुसून त्याने मला विचारलं, "निकल गया?"

"निकल गया."

त्याने मान हलवली. पाच महिन्यांपूर्वीच्या त्या संध्याकाळी हा माणूस याच खोलीत बाकावर बसला होता आणि मला घाई होती.

२५ ऑगस्ट

बोट गरम आहे, गुलाबी आहे. राहील.

वसंतराव दिल्लीहून परतले. मी त्यांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. सात मार्च, आठ मार्च, फाडलेलं पान, चिठ्ठी, अंगठ्याचा कागद. त्यांच्यासमोरच कागद फाडायला निघालो तर त्यांनी तो माझ्या हातून काढून घेतला. "फाडायची सवय लागलीय तुला," म्हणाले. कागदाची घडी घालून खणात ठेवली. मग म्हणाले, "त्या माणसाला मी गाढव म्हणालो होतो." मला जायला सांगितलं. माझी इस्पितळातली जागा गेली. कागद त्यांच्याकडे आहे, त्याचं काय करणार ते बोलले नाहीत.

घरी आल्यावर विनयाला सांगितलं. तिने ताट वाढलं. बऱ्याच दिवसांनी माझ्यासमोर बसून जेवली.

३ सप्टेंबर

भंवरलाल एक दिवसाआड पट्टीला येतो. येतो, हात पुढे करतो, जातो. बोटाचं शेवटचं पेर पुरतं वाकत नाही, पुढेही वाकणार नाही.

आज मी पट्टी सोडत असताना एकदम म्हणाला, "भाई का भी यही करना था? पहले दिन?"

"हाँ."

"तब मालूम नहीं था?"

खोटं नव्हतंच. मला खरंच माहीत नव्हतं, या शहरात फारच थोड्यांना माहीत असेल. एवढंच सांगून थांबता आलं असतं.

"मालूम नहीं था," मी म्हणालो. "पर उसने बताया था. तीन बार बताया. मैंने सुना नहीं."

"और चिट्ठी?"

"झूठ लिखी थी. चौकी में तुम्हें मारा, तब भी मालूम था कि झूठ है."

विनया दारात उभी होती. त्याचा उजवा हात मोकळा होता, आणि चाकू, कात्र्या मांडलेली थाळी त्याच्या कोपरापाशीच होती. मी थाळी सरकवली नाही. खुर्चीही मागे घेतली नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला. मार बसलेल्या त्या डोळ्याची पापणी अजून पुरती उघडत नाही. त्याच्या जबड्याचे स्नायू हलत होते. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग त्याने डावा हात टेबलावर पसरला. पट्टी बांधायची राहिली होती.